उपक्रमाचे कुंपण कोठे घालायचे?

'उपक्रम' हा शब्द शिक्षकांच्या रोजच्या वापरातला आहे. वृक्षारोपण हा शाळेचा उपक्रम, विज्ञान प्रदर्शन हाही उपक्रम. वर्तमानपत्रात 'सार्वजनिक उपक्रम' असे वाचले की मात्र आपल्या डोळ्यांसमोर एखादी मोठी सरकारी कंपनी उभी राहते. म्हणजे एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. हाती घेतलेले कार्य हा एक अर्थ, आणि ते कार्य करणारी संस्था हा दुसरा. गंमत अशी की इंग्रजीतील 'एंटरप्राइज' ह्या शब्दालाही हेच दोन अर्थ आहेत, आणि त्यांच्यातील ओढाताणीमुळे एका आधुनिक विद्याशाखेला आपल्या पहिल्याच पायरीवर बराच काळ थबकावे लागले आहे.

ह्या शाखेचे नाव 'एंटरप्राइज आर्किटेक्चर'. घर बांधण्यापूर्वी वास्तुविशारद नकाशा काढतो. तसाच मोठ्या संस्थेचा नकाशा काढावा, तिच्यात कोणती कामे चालतात, कोणती माहिती कोठून कोठे जाते, कोणते संगणक कोणत्या कामाला लागतात हे एका ठिकाणी मांडावे, आणि मगच बदल करावेत, असा ह्या शाखेचा आग्रह असतो. हे ऐकायला सरळ वाटते. पण नकाशा काढायला बसणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो कुंपणाचा. नकाशात काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे? ज्याचा नकाशा काढायचा तो 'उपक्रम' कोठे संपतो?

कंपनीची नोंदणी जेथे संपते तेथे उपक्रम संपतो, हे उत्तर चटकन सुचते. ते का पुरत नाही, हे पाहण्यासाठी आपण रेल्वेच्या इतिहासाकडे वळू. संगणकाचा जन्म होण्याच्या शंभर वर्षे आधी रेल्वेला हाच प्रश्न पडला होता, आणि तो सोडवण्याच्या बऱ्यावाईट पद्धती तिने प्रत्यक्ष करून दाखवल्या आहेत.

प्रणाली आणि परिसर

त्याआधी एक ओळखीची गोष्ट आठवू. पदार्थविज्ञानात कोणतेही उदाहरण सोडवताना आपण प्रथम 'प्रणाली' ठरवतो. उरलेले सारे तिचा 'परिसर'. खाली पडणारा चेंडू हीच प्रणाली मानली तर तिचा संवेग सतत बदलताना दिसतो. चेंडू आणि पृथ्वी मिळून एक प्रणाली मानली तर एकूण संवेग बदलत नाही. दोन्ही निवडी बरोबर आहेत. कोणती घ्यायची हे आपल्याला काय शोधायचे आहे त्यावर अवलंबून असते. पण एकदा निवड केली की तिच्या सीमेतून काय आत आले आणि काय बाहेर गेले, याचा हिशेब चुकवता येत नाही. सीमा आखण्याचे स्वातंत्र्य आपले. हिशेबात मात्र कोणालाच सूट नाही. हे सूत्र मनात ठेवून आपण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जाऊ.

चार कंपन्या, एक प्रवासी

१८४० साली लंडनहून यॉर्कला आगगाडीने जाणे शक्य झाले. मात्र ही वाट एका कंपनीची नव्हती. लंडन ते रग्बी एका कंपनीचे रूळ, रग्बी ते डर्बी दुसऱ्या कंपनीचे, डर्बी ते नॉर्मन्टन तिसऱ्या आणि तेथून यॉर्कपर्यंत चौथ्या कंपनीचे. प्रत्येकीचे भागधारक वेगळे, हिशेबाची वही वेगळी. प्रवाशाला ह्या वह्यांशी काही देणेघेणे नव्हते. त्याला यॉर्कला जायचे होते. मालाची अडचण त्याहून मोठी होती. कंपनी बदलली म्हणून प्रत्येक जंक्शनवर माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचा म्हटले तर वेळ जाई, हमालीचा खर्च वाढे आणि नासधूस होई ती वेगळीच. वाघीण तशीच पुढे जाऊ द्यावी, तर आपली वाघीण परक्या रुळांवर कोठे गेली, किती चालली आणि परत केव्हा येणार हे मालकाला कळायला मार्ग नव्हता.

ह्यातून 'रेल्वे क्लिअरिंग हाउस' ही संस्था निघाली. २ जानेवारी १८४२ रोजी लंडनमधील यूस्टन स्थानकासमोरच्या लहानशा जागेत तिचे काम सुरू झाले. तिच्यामागे दोन माणसे होती. जॉर्ज कार ग्लिन हे लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचे अध्यक्ष आणि पेशाने पेढीवाले होते. केनेथ मॉरिसन हे त्याच रेल्वेच्या हिशेबखात्यात काम करत. लंडनच्या पेढ्यांचे कारकून रोज एका ठिकाणी जमून एकमेकांवरचे धनादेश अदलाबदल करत आणि शेवटी उरलेला फरक तेवढा चुकता करत. हीच युक्ती रेल्वेला लावायची असे ठरले.

रीत कशी होती ते एका काल्पनिक हिशेबातून पाहू. समजा चार टप्प्यांची अंतरे अनुक्रमे ८०, ५०, ६० आणि ३० मैल आहेत, आणि प्रवाशाने लंडनमध्ये एकच तिकीट ४४ शिलिंगांना घेतले. एकूण अंतर २२० मैल, म्हणजे मैलामागे एक पंचमांश शिलिंग. त्या हिशेबाने चार कंपन्यांच्या वाट्याला १६, १०, १२ आणि ६ शिलिंग येतात. पैसे सगळे पहिल्या कंपनीच्या खिडकीवर जमा झालेले असतात. उलट दिशेने येणाऱ्या प्रवाशाचे पैसे यॉर्कच्या खिडकीवर जमा होतात. अशा हजारो तिकिटांची बेरीज-वजाबाकी करून कोणी कोणाला किती द्यायचे एवढेच काढायचे. त्यामुळे प्रत्यक्षात हात बदलणारी रक्कम फारच कमी होई.

वाघिणींसाठी माणसे लागत. कंपन्यांच्या रुळांची जेथे गाठ पडे अशा जंक्शनांवर क्लिअरिंग हाउसचे आकडे टिपणारे कर्मचारी उभे असत. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक वाघिणीचा क्रमांक आणि तिचा मालक ते वहीत लिहीत. मालावर टाकलेल्या ताडपत्र्यासुद्धा ते सोडत नसत, कारण ताडपत्रीलाही मालक होता. ऊन असो वा पाऊस, ह्या नोंदी नियमाने लंडनला जात. तेथे कारकून त्या स्थानकांकडून आलेल्या कागदांशी ताडून पाहत. परक्या रुळांवर वाघीण जितके मैल धावली तितके भाडे मालकाला मिळे, आणि ठरावीक मुदतीपेक्षा जास्त अडकवून ठेवली तर दंडही मिळे. हरवलेल्या सामानाचा शोध घेणारा विभागही ह्याच संस्थेत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्याकडे दोन हजारांहून अधिक कारकून काम करत होते.

आता विचार करू. ह्या संस्थेच्या मालकीचे एकही इंजिन नव्हते, मैलभरसुद्धा रूळ नव्हते. तिच्याकडे होती फक्त माहिती आणि ती ताडून पाहण्याची शिस्त. पण तिच्यामुळे वेगवेगळ्या कंपन्या प्रवाशाला एकच रेल्वे वाटू लागल्या. ज्या कंपन्या गिऱ्हाईक मिळवण्यासाठी एकमेकींशी झगडत, त्याच तिकिटांच्या आणि वाघिणींच्या बाबतीत एका कुंपणात येऊन बसल्या होत्या.

घड्याळ, नकाशा आणि वाघीण

एकदा कुंपण मोठे झाले की आतले पुष्कळ काही सारखे करावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. त्याकाळी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून ठरे. ब्रिस्टल हे लंडनच्या पश्चिमेला सुमारे अडीच रेखांश, आणि एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणून तेथील घड्याळ लंडनपेक्षा सुमारे दहा मिनिटे मागे असे. गावापुरते जगणाऱ्याला त्याची काही अडचण नव्हती. पण वेळापत्रक छापणाऱ्याला होती. सप्टेंबर १८४७ मध्ये क्लिअरिंग हाउसने सर्व सभासद कंपन्यांना ग्रिनिच वेळ पाळण्याची शिफारस केली, आणि बहुतेक कंपन्यांनी ती लवकरच मानली. ब्रिटनच्या कायद्यात ही वेळ आली ती १८८० साली, म्हणजे तेहतीस वर्षांनंतर. भारतातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबईची घड्याळे वेगळी वेळ दाखवत. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली.

दुसरी गोष्ट नकाशाची. क्लिअरिंग हाउसमधील जॉन एअरी यांनी १८६७ पासून जंक्शनांचे नकाशे छापायला सुरुवात केली. प्रत्येक कंपनीच्या रुळांना वेगळा रंग, आणि एका जंक्शनपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मैल व साखळ्यांत. डोंगर, नद्या, वस्ती यांतले काही त्यांत नाही, कारण हिशेब करणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. त्याला फक्त रंग कोठे बदलतो आणि तेथवर किती अंतर झाले हे हवे होते. एंटरप्राइज आर्किटेक्चरचे आजचे जाणकार जे नकाशे काढतात, त्यांचे हे पूर्वजच म्हणायला हवेत.

तिसरी गोष्ट वाघिणीची. कोळशाच्या खाणवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्याही स्वतःच्या वाघिणी असत. त्यातली एखादी कमकुवत वाघीण दुसऱ्याच कंपनीच्या रुळांवर मोडून पडली तर भुर्दंड तिसऱ्यालाच. म्हणून १८८७ साली क्लिअरिंग हाउसने अशा वाघिणी कशा बांधाव्यात याचे प्रमाण ठरवून दिले.

यातले काहीही करायला कंपन्यांना एकमेकींत विलीन व्हावे लागले नाही. १९२३ मध्ये ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे चार मोठ्या कंपन्यांत एकत्र आल्या आणि १९४८ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. मालकच एक उरल्यावर आपापसातला हिशेब कशाला, म्हणून क्लिअरिंग हाउसची गरज सरत गेली.

कंपनीची सीमा आणि उपक्रमाची सीमा

दरम्यान अर्थशास्त्रानेही सीमेचा प्रश्न हाती घेतला होता. १९३७ साली रोनाल्ड कोस या तरुण ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने विचारले, की बाजारात सगळेच विकत मिळत असेल तर कंपन्या मुळात असतात कशासाठी? त्यांचे उत्तर असे: बाजारात व्यवहार करण्यालाही खर्च येतो. भाव शोधा, करार करा, तो पाळला जातो की नाही ते पाहा. हा खर्च जेथे जास्त पडतो तेथे काम कंपनीच्या आत करणे परवडते. आत करण्याचा खर्च वाढला की ते बाहेरून घेणे परवडते. कंपनीची सीमा ह्या दोन खर्चांच्या तोलावर ठरते. कोस यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्यातून कंपनी कोठे संपते हे कळते. पण चार कंपन्या मिळून एकच काम करत असतील तर त्या कामाची सीमा कोणती, हा प्रश्न शिल्लक राहतो. १९८७ साली आय.बी.एम. कंपनीतील जॉन झॅकमन यांनी एक लेख प्रसिद्ध केला. घर बांधताना मालकाचे कच्चे चित्र, वास्तुविशारदाचा आराखडा आणि गवंड्याला लागणारे तपशील हे तिन्ही वेगळे असतात आणि तिन्ही लागतात, तसेच माहितीप्रणालीचेही असते, असे त्यांनी मांडले आणि त्याचा एक तक्ता दिला. १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्यासह त्यांनी तो वाढवला. काय, कसे, कोठे, कोण, केव्हा आणि का असे सहा रकाने त्यात आले. बातमी लिहिणाऱ्यांना आणि इतिहास शिकवणाऱ्यांना हे सहा प्रश्न परिचयाचेच आहेत. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि तेथील केंद्रीय खात्यांना असे आराखडे करणे भाग पडले. भारत सरकारनेही २०१८ मध्ये 'इंडईए' नावाची चौकट मान्य केली. नागरिकाला वेगवेगळी खाती एकाच सरकारासारखी अनुभवता यावीत हा तिचा हेतू आहे.

आराखडे वाढत गेले तशी व्याख्येची निकड वाढली. २००० सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने उपक्रम म्हणजे ठरावीक ध्येय व उद्दिष्टे समान असलेल्या आणि मिळून काही वस्तू किंवा सेवा पुरवणाऱ्या एक वा अनेक संस्था, अशा अर्थाची व्याख्या केली. 'एक वा अनेक' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. व्याख्येने मालकी बाजूला ठेवली आणि कार्य पुढे आणले. म्हणजे शिक्षकांचा 'उपक्रम' जिंकला म्हणायचा! १८४२ साली यूस्टनसमोरच्या खोलीत बसलेल्या कारकुनांना ही व्याख्या समजावून सांगावी लागली नसती.

चाक एकाचे, रूळ दुसऱ्याचे

अर्थात, व्याख्या कागदावर झाली तरी चुकीचे कुंपण घालायचे थांबत नाही, आणि त्याची किंमत कधी कधी फार जबर असते.

१९९३ च्या कायद्याने ब्रिटनमधील रेल्वे पुन्हा खासगी झाली, पण ह्या वेळी तुकडे वेगळ्या तऱ्हेने पाडले गेले. पूर्वीच्या कंपन्यांकडे आपापल्या भागातले रूळही होते आणि गाड्याही. आता रूळ, पूल व सिग्नल 'रेलट्रॅक' नावाच्या एका कंपनीकडे गेले. प्रवासी गाड्या चालवण्याचे काम पंचवीस कंपन्यांत वाटले गेले. डबे आणि इंजिने तीन वेगळ्या कंपन्यांच्या मालकीची झाली. रुळांची देखभाल कंत्राटदारांकडे गेली. तिकीट मात्र पूर्वीप्रमाणे एकच राहिले, आणि त्याचे पैसे वाटून देण्यासाठी पुन्हा एक हिशेबसंस्था उभारावी लागली. क्लिअरिंग हाउसचा हा पुनर्जन्मच होता. कारकुनांच्या जागी संगणक आले एवढाच फरक.

पैशांचा हिशेब असा जुळला. पोलादाच्या हिशेबाचे काय?

चाक आणि रूळ एकमेकांना स्पर्श करतात तो भाग लहानशा नाण्याएवढा असतो. टनावारी भार तेवढ्यावर पेलला जातो. चाकामागून चाक जात राहिले की रुळाच्या पृष्ठभागाजवळ बारीक तडे पडतात. याला धातूचा थकवा म्हणतात. हे तडे किती वेगाने वाढतील हे रुळाच्या पोलादावर, चाकाच्या आकारावर, गाडीच्या भारावर आणि वळणावर अवलंबून असते. रूळ थोडा झिजत असेल तर कोवळे तडे घासून निघून जातात. झीज कमी झाली तर तेच तडे खोल जातात. म्हणजे तड्यांचा वेग हा एकट्या रुळाचा गुणधर्म नाही, एकट्या चाकाचाही नाही. तो दोघांच्या जोडीचा आहे. आणि ही जोडी आता वेगवेगळ्या मालकांच्या कुंपणांवरून पार झाली होती.

१७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सकडे निघालेली गाडी हॅटफिल्डजवळ घसरली. चार माणसे मृत्युमुखी पडली, सत्तरांहून अधिक जखमी झाली. गाडीखालच्या रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले होते. त्या रुळात तडे असल्याचे आधीच लक्षात आले होते. बदलण्यासाठी आणलेले नवे रूळ तेथेच शेजारी कित्येक महिने पडून होते. अपघातानंतर असेच तडे आणखी कोठे कोठे आहेत याची रेलट्रॅककडे खात्रीलायक माहिती नसल्याने देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा घालाव्या लागल्या आणि कित्येक महिने वाहतूक विस्कळीत राहिली. एका वर्षाच्या आत रेलट्रॅक दिवाळखोरीत निघाली. २००२ मध्ये तिची जागा 'नेटवर्क रेल' या नव्या संस्थेने घेतली.

केवळ तुकडे पाडल्यामुळे हा अपघात झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. राष्ट्रीयीकृत रेल्वेलाही अपघात झाले आहेत. पण एवढे नक्की, की रुळाची पाहणी, त्याची दुरुस्ती, तो बदलणे आणि त्यावरून गाडी नेणे ही एका साखळीतली कामे होती आणि साखळीच्या प्रत्येक कडीपाशी एक करार उभा होता. प्रवाशांच्या पैशांसाठी एक कुंपण होते. प्रवाशांच्या जिवासाठी जे कुंपण हवे होते ते कोणीच नीट आखले नव्हते. प्रणाली कशीही निवडा, हिशेब चुकवता येत नाही, तो असा.

दादरचे फलाट

आपल्याकडे उलट उदाहरण आहे. मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया अशा दोन वेगळ्या रेल्वे कंपन्या होत्या, आणि दादरला दोघींची स्थानके शेजारी शेजारी होती. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे हे विभाग अस्तित्वात आले. दोन्हींचा मालक एकच, भारत सरकार. तरीही दादरला दोन्हीकडे फलाट क्रमांक १ होता! नव्या माणसाला कोणी 'एक नंबरवर ये' म्हटले की तो हमखास चुकीच्या बाजूला जाऊन उभा राही. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले. हे विभाग झाल्यावर प्रवाशासाठी स्थानक एक व्हायला बहात्तर वर्षे लागली.

कोकण रेल्वे हे तिसऱ्या प्रकारचे उदाहरण. १९९० मध्ये तिची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही चार राज्ये तिची भागधारक. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग तिने बांधला, आणि तो १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. गणपतीला मुंबईहून रत्नागिरीला निघालेला चाकरमानी रोहा ओलांडताना एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जातो, पण त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तिकीट, वेळापत्रक आणि सिग्नल यांचे कुंपण मोठे आहे, भागभांडवलाचे लहान. २०२५ मध्ये ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनाने संमती दिली. त्या चर्चेतही खरा प्रश्न हाच, की पैसा, देखभाल आणि विस्तार यांसाठीचे कुंपण कोठे असावे.

वर्गात करण्याजोगे

शाळेतल्या पोषण आहाराचे उदाहरण नववी-दहावीच्या मुलांना घालता येईल. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो, शिजवण्याचे काम अनेक ठिकाणी बचत गट करतो, नोंदी मुख्याध्यापक ठेवतात, पाणी ग्रामपंचायतीचे असते. मुलांच्या गटांना तीन वेगवेगळे प्रश्न द्यावेत. 'पैसा कोठून कोठे गेला?' 'धान्य कोठे कमी पडले?' 'एखाद्या दिवशी जेवणातून बाधा झाली तर कारण कोठे शोधायचे?' प्रत्येक गटाने फळ्यावर सर्व संबंधितांची नावे लिहून आपल्या प्रश्नाला लागेल तेवढ्यांभोवतीच रेघ ओढावी.

तीन गटांच्या रेघा वेगवेगळ्या येतील. पहिल्या रेघेत कदाचित पाणी येणार नाही. तिसऱ्या रेघेत ते आलेच पाहिजे. कोणाची रेघ बरोबर, असे मुले विचारतील. तेव्हा एअरींच्या नकाशात डोंगर का नव्हते हे त्यांना सांगावे. मग त्यांना आणखी एक काम द्यावे: जेथे एका संस्थेचे काम संपून दुसरीचे सुरू होते अशी प्रत्येक जागा शोधून तेथे काय मोजले जाते आणि ते कोण लिहून ठेवतो, हे शोधून काढणे. ज्या जागेपाशी कोणीच काही लिहीत नाही असे आढळेल, तिच्यापासून चर्चा सुरू करावी.